थंड इंजिनावर जोर देताना होणाऱ्या चुका

सकाळी गाडी चालू करून दहा मिनिटं जागेवरच धडधडत ठेवायची, ही सवय कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. पद्मिनी किंवा ॲम्बॅसॅडर चोक ओढून जरा तापू दिल्याशिवाय धड चालायची नाही. आता पेट्रोल किती सोडायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, तापमान बघून ठरवतो. उभ्या गाडीचं इंजिन फार सावकाश तापतं. ते थंड असेपर्यंत पेट्रोल जादा जातं, आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. म्हणजे इंजिनाची काळजी म्हणून जे करतो, त्यानेच ऑइल पातळ होतं. बंद गॅरेजमध्ये तर गाडी अशी कधीच चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

चालू केल्यावर अर्धा-एक मिनिट थांबा, चढलेला आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) खाली आला की निघा. गाडी तापवायची ती हळू चालवून.

खरी चूक पुढे होते. तापमानाचा काटा मध्यावर आला, किंवा थंड इंजिनाचा निळा दिवा विझला, की लोक ॲक्सिलरेटर दाबतात. पण तो काटा कूलंटचं (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान दाखवतो, ऑइलचं नाही. ऑइल बरंच मागून तापतं. बऱ्याच गाड्यांत निळा दिवा तर कूलंट पूर्ण तापायच्या आधीच विझतो. थंड ऑइल जाड असतं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तापल्यावर फुगून सिलिंडरमध्ये नीट बसणारा. थंड असताना तो सैल असतो. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा, असेल तर त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, तोही ऑइलच्या पातळ थरावर. म्हणून काटा मध्यावर आल्यानंतरही आणखी चार-पाच किलोमीटर धीर धरा. तोवर पेट्रोल गाडी अडीच हजार आरपीएमच्या आत आणि डिझेल दोन हजाराच्या आसपास ठेवा. वरच्या गिअरमध्ये रखडवणंही तितकंच वाईट. इंजिन थरथरायला लागलं की गिअर उतरवा.

वाईत मुक्काम करून सकाळी पाचगणीला निघणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं. गाव सोडलं की लगेच पसरणी घाट लागतो. गाडी भरलेली, एसी चालू आणि इंजिन गार. आधी सपाटीवर थोडं फिरून मग घाट चढा. घाई असेल तर निदान एसी बंद ठेवा आणि ओव्हरटेकचा मोह आवरा.

आता एक गोष्ट, जिचा मला मनापासून राग येतो. गाडी एकदा प्रमाणाबाहेर गरम झाली की काही मेकॅनिक थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकतात, ‘आपल्या हवेत लागत नाही’ म्हणून. लागतो! थर्मोस्टॅट नसेल तर कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरतं आणि इंजिन कायम अर्धवट थंड राहतं. ॲव्हरेज पडतं, ऑइलमधलं पाणी उडून जात नाही. गाडी का तापली ते शोधायचं सोडून दुसरा रोग लावून घ्यायचा, असा हा उपाय. हायवेला लागल्यावर काटा खाली घसरत असेल, तर थर्मोस्टॅट आहे का आणि उघडाच अडकलाय का, हे तपासून घ्या.

‘जाड ऑइल म्हणजे जास्त संरक्षण’ हाही गैरसमज. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल लिहिलं असेल तर २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल ओतू नका. थंड असताना ते वरपर्यंत उशिरा पोचतं.

चालू करताना सायलेन्सरमधून पांढरी वाफ आणि पाण्याचे थेंब आले तर घाबरू नका. तापल्यावरही पांढरा धूर राहिला आणि कूलंटची पातळी उतरत असेल, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलचा) संशय घ्या. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिनातून टकटक सुरुवातीला येऊन काही क्षणांत थांबत असेल तर सहसा चिंता नसते. थांबत नसेल तर गाडी बंद करा, सपाट जागी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) बघा. ऑइल कमी असेल तर भरा. पुरेसं असूनही आवाज येत असेल, तर चालवत नेण्यापेक्षा मेकॅनिकला जागेवर बोलवा.