सेटिंग बंद केली तरी चालूच राहते?

पायथॉनच्या कॉन्फिगपार्सरने (सेटिंग वाचणारं मॉड्यूल) आयएनआय फाइल, म्हणजे साध्या मजकुरातली सेटिंगची फाइल, वाचताना ‘डीबग = फॉल्स’ लिहूनही डीबग चालूच राहतो. फाइलमधून येणारी प्रत्येक किंमत स्ट्रिंग (म्हणजे नुसता मजकूर) असते, आणि रिकामी नसलेली स्ट्रिंग इफमध्ये खरीच धरली जाते. मग ती ‘फॉल्स’ का असेना!

१. चालू-बंद प्रकारच्या सेटिंगला गेटऐवजी गेटबूलियन वापरा. ट्रू-फॉल्स, येस-नो, ऑन-ऑफ, १-० सगळं चालतं, अक्षरं लहान असोत की मोठी.

२. पोर्टसारख्या आकड्याला गेटइंट. सोबत फॉलबॅक=८०८० (पर्यायी किंमत) दिलंत की ती ओळ फाइलमध्ये नसली तरी प्रोग्रॅम अडत नाही.

३. फाइल वाचणाऱ्या रीडने परत दिलेली, वाचलेल्या फाइलींची यादी तपासा. फाइल सापडली नाही तर रीड तक्रार करत नाही, नुसती रिकामी यादी हातात ठेवतो. मग फॉलबॅकच्या जोरावर प्रोग्रॅम खुशाल चुकीच्या सेटिंगवर चालतो, आणि हे तर बंद पडण्यापेक्षा वाईट. यादी रिकामी दिसली की तिथेच थांबवा.

पासवर्डमध्ये टक्क्याचं चिन्ह असेल तर जपून. पार्सर ते चिन्ह दुसऱ्या सेटिंगची किंमत तिथे भरण्याची (इंटरपोलेशनची) खूण समजतो, त्यामुळे किंमत वाचताना एरर येऊ शकते. पार्सर बनवतानाच इंटरपोलेशन=नन द्या.