बुयिद घराण्याचा इतिहास वाचताना या चुका टाळा

इराणचं दहावं-अकरावं शतक वाचायला घेतलं की बुयिदांपाशी गाडी अडते. दर दोन ओळींनी एक ‘दौला’: इमाद, रुक्न, मुइझ, अदुद. ही नावं समजू नका, हे खलिफाने दिलेले किताब. ‘मराठी दौलत’ म्हणतो तीच ही दौलत, म्हणजे राज्य. समासात घराणं उभारणाऱ्या तिघा भावांची मूळ नावं नि ठाणी लिहून ठेवा: अली (इमाद) शिराझला, हसन (रुक्न) आजच्या तेहरानजवळच्या रे शहराला, अहमद (मुइझ) बगदादला. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

एकच गादी शोधू नका. कास्पियनच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ डैलममधले हे शिपाईगडी. अलीने 934 मध्ये शिराझ घेतलं, अहमद 945 मध्ये बगदादेत शिरला. राज्य वाटलेलं, पण थोरल्याचा शब्द मानायचा. हा मान होता तोवर घराणं वाढलं.

‘शिया बुयिदांनी खिलाफत बुडवली’ असंही लिहू नका. बगदादेत शिरल्यावर काही आठवड्यांतच अहमदने मुस्तक्फी या खलिफाला आंधळा करून पदच्युत केलं हे खरं, पण त्याच जागी त्याच अब्बासी घराण्यातला दुसरा खलिफा बसवला. किताबाला वजन खलिफामुळेच होतं.

अदुद-उद-दौलापाशी मात्र घाई करू नका. मला या घराण्यात सगळ्यांत जवळचा वाटतो तो हाच. हसनचा हा मुलगा 955 मध्ये प्राचीन इराणी राजांच्या पर्सेपोलिस या राजधानीच्या भग्न महालात गेला, तिथले जुने लेख जाणकारांकडून वाचून घेतले आणि आपल्या भेटीची नोंद तिथल्याच दगडावर कोरवली. शिराझजवळ कोर नदीवर त्याने बंधारा बांधला, बगदादेत रुग्णालय काढलं. 983 मध्ये तो गेला आणि मुलं आपसांत लढू लागली.

पडझडीचं खापर नंतर आलेल्या सेल्जुक तुर्कांवर एकट्यावर फोडू नका. पगाराला रोकड नाही म्हणून शिपायांना जमिनीचा महसूल तोडून दिला होता. डैलमी पायदळ नि तुर्की घोडदळ यांचं पटत नव्हतं. रेच्या बुयिद राजाने, मज्द-उद-दौलाने, बंडखोर शिपायांविरुद्ध चक्क गझनीच्या महमूदाची मदत मागितली. सोमनाथनंतर तीनच वर्षांनी, 1029 मध्ये, महमूद आला आणि त्याने मज्दलाच कैद करून रे घेतलं.

शेवटचं साल कुठे 1055, कुठे 1062 दिसेल. दोन्ही बरोबर: पहिल्या साली सेल्जुकांच्या तुघ्रिलने बगदाद घेतलं, दुसऱ्या साली फार्समधली, म्हणजे शिराझच्या प्रांतातली, शाखा संपली.