अंडं फुटण्याच्या गोळ्या लिहिताना

मूल होत नाही म्हणून आलेल्या बाईला अंडं फुटण्याची (बीजकोषातून अंडं बाहेर पडण्याची) गोळी लिहिण्याआधी नवऱ्याचा वीर्यतपासणीचा रिपोर्ट हातात हवा. आपल्याकडे ओपीडीत सून सासूबरोबर येते, नवरा बाहेर गाडीपाशी थांबतो. त्याला आत बोलवा. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, हे त्यालाच सांगा; सासूमार्फत निरोप पोचत नाही. बाईची सोनोग्राफी, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) आणि यूपीटी (लघवीवरून गर्भाची तपासणी) करा. पूर्वी टीबी झालेला असेल किंवा ओटीपोटात इन्फेक्शन झालं असेल, तर ट्यूब टेस्टही (गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते पाहणारी) आधीच. फॉलिक अ‍ॅसिड त्याच दिवशी सुरू. एफएसएच (अंडं वाढवणारं हार्मोन; बीजकोष थकले की ते वाढतं) फार वाढलेलं असेल तर या गोळ्या वाया जातात.

पीसीओएसमध्ये (बीजकोषात अंडं नियमित पिकत नाही, तो आजार) पहिली पसंती लेट्रोझोल या गोळीला. भारतात वंध्यत्वासाठी तिच्यावर २०११ मध्ये बंदी आली आणि २०१७ मध्ये उठली, त्यामुळे त्या काळातल्या फायलींत क्लोमिफेन ही अंडं फुटण्याची दुसरी गोळीच दिसते. २.५ मिलिग्रॅमची एक गोळी रोज, पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस. अंडं वाढलं नाही तर पुढच्या पाळीला ५, मग ७.५. अंडं फुटलं पण दिवस गेले नाहीत, तर डोस वाढवू नका, तोच द्या. क्लोमिफेन द्यायचं तर ५० मिलिग्रॅमपासून. डोळ्यांपुढे चमकलं किंवा धूसर दिसलं तर लगेच बंद, पुन्हा कधीच नाही.

खरी गडबड दिवस मोजण्यात होते. काही जणी डोक्यावरून पाणी घेतल्याचा दिवस पहिला धरतात, म्हणजे गोळी तीन-चार दिवस उशिरा सुरू. नुसता डाग हाही पहिला दिवस नव्हे. नीट रक्तस्राव सुरू झाला तो पहिला. चिठ्ठीवर ‘तिसऱ्या दिवशी’ लिहून भागत नाही. पाळी आल्यावर फोन करायला सांगा आणि तारखा तुम्ही सांगा.

दहाव्या-अकराव्या दिवसापासून एक दिवसाआड फॉलिक्युलर स्टडी (अंड्याची वाढ पाहणारी सोनोग्राफी). फॉलिकल (अंड्याची पिशवी) १८ मिलिमीटरच्या पुढे आणि गर्भाशयाचं अस्तर ७ मिलिमीटरच्या वर असेल तर ठीक. १४ मिलिमीटरच्या वरची तीन किंवा जास्त फॉलिकल दिसली, तर त्या महिन्यात संबंध टाळायला स्पष्ट सांगा. तिळ्यांचा धोका कुणी पत्करू नये. अंडं फुटल्याची खात्री पुढच्या पाळीच्या सात दिवस आधीच्या रक्तातल्या प्रोजेस्टेरॉनवरून (अंडं फुटल्यावर वाढणारं हार्मोन) होते, मिलिलिटरमागे ३ नॅनोग्रॅमच्या वर हवं. पाळी ३५ दिवसांनी येत असेल तर ही तपासणी एकविसाव्या नव्हे, अठ्ठाविसाव्या दिवशी.

बीड, जालन्याकडची जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ती मार्च-एप्रिलला परततात. उसाच्या फडावर सोनोग्राफी कुठली? तीन महिन्यांच्या गोळ्या बांधून देण्यापेक्षा तपासण्या आत्ता उरकून पहिली सायकल (एका पाळीचा गोळ्यांचा कोर्स) ती परतल्यावर धरा.

पाळी लांबली की यूपीटी केल्याशिवाय पुढचा कोर्स नाही. सहा सायकलींच्या पुढे ओढू नका. पस्तिशीच्या पुढच्या बाईला मात्र तीन झाल्यावरच लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरला तज्ज्ञाकडे पाठवा, सोबत सगळ्या सोनोग्राफीचे कागद द्या.