नागपुरात नगरसेवकाच्या निवडणुकीला उभं राहायचंय? मग कामाला आत्ताच लागा

जानेवारी २०२६ मधली महापालिका निवडणूक झाल्यापासून आमच्या चौकातल्या पानठेल्यावर आणि लेआउटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन-चार जण तरी म्हणून राहिले की पुढच्या वेळी आपणच उभं राहू. राहाच. मी स्वतः उभा राहिलो नाही, पण २०१७ ला आणि यावेळी ओळखीच्या उमेदवारांसाठी बूथ सांभाळला, कागदपत्रांची फाइल केली, छाननीला बसलो, त्यातून जे समजलं ते लिहितो. चांगली माणसं प्रचारात कमी पडण्याआधीच कागदात आणि मतदार यादीत अडकतात आणि ते पाहून जीव तुटतो.

आधी हिशोब समजून घ्या. नागपुरात १५१ जागा, ३८ प्रभाग. ३७ प्रभागात चार-चार नगरसेवक, एका प्रभागात तीन. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साधारण साडेचोवीस लाख होती, म्हणजे एका चार सदस्यांच्या प्रभागात तेव्हाच्याच आकड्याने ६४ हजारांच्या आसपास माणसं. आता यावेळचं वेळापत्रक पाहा, अर्ज २३ ते ३० डिसेंबर, ३१ ला छाननी, २ जानेवारीला माघार, ३ जानेवारीला चिन्हवाटप आणि १५ जानेवारीला मतदान. अपक्षाला चिन्ह मिळाल्यावर प्रचाराला हातात राहिले दहा दिवस. दिवसाला २०० घरं केली, जी कोणी करू शकत नाही कारण प्रत्येक घरी चहा आणि एक तक्रार असतेच, तरी २००० घरंच होतात. बाकीच्या घरांना तुम्ही आधीपासून माहीत असायला पाहिजे, दुसरा मार्ग नाही.

माहीत कसं व्हायचं, तर काम करून. आपल्या प्रभागातला कोणता रस्ता मनपाचा, कोणता नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यास), कोणता पीडब्ल्यूडीचा (सार्वजनिक बांधकाम विभाग) ही यादी स्वतः फिरून बनवा. कोणत्या गल्लीत ओसीडब्ल्यूचं (शहराला नळाचं पाणी देणारी ऑरेंज सिटी वॉटर कंपनी) पाणी कमी दाबाने येते, गडर लाइन (सांडपाण्याची) कुठे तुंबते, कोणत्या लेआउटचं नियमितीकरण अडकलं, सगळं एका वहीत. शहरात मनपाचे दहा झोन आहेत, तुमचा लक्ष्मीनगर असो की आशीनगर की सतरंजीपुरा, झोन ऑफिसला जाऊन लोकांचे अर्ज द्या, पोच घ्या, महिन्याने परत जा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीचं पाणी डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी भागात घरात शिरलं, तेव्हा शहरात नगरसेवकच नव्हते, मुदत मार्च २०२२ ला संपली होती आणि प्रशासक कारभार पाहत होते. त्या दिवशी गाळ उपसायला जो आला, जेवणाचे डबे घेऊन जो आला, त्याचं नाव त्या घरांत अजून निघते.

आता पात्रता. वय २१ पूर्ण पाहिजे आणि नाव नागपूर महापालिकेच्या मतदार यादीत पाहिजे. तुमचं नाव शहरातल्या कोणत्याही प्रभागात असलं तरी चालते, पण सूचक, म्हणजे तुमचं नाव सुचवून अर्जावर सही करणारा माणूस, मात्र ज्या प्रभागातून उभे राहून राहिले त्याच प्रभागातला मतदार लागतो. इथेच आमच्या ओळखीच्या एका काकूंचं बिनसलं. सूचक म्हणून समोरच्या घरच्या भाऊंची सही घेतली, वीस वर्षांचे शेजारी, पण प्रभागाची हद्द नेमकी त्या गल्लीच्या मधोमध गेलेली आणि भाऊंचं नाव पलीकडच्या प्रभागात. छाननीत अर्ज बाद. काकू तिथल्या खुर्चीवर बसून राहिल्या, कोणाला काही बोलता आलं नाही. म्हणून सूचकाचं नाव यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांकासकट स्वतःच्या डोळ्याने पाहा, आणि एक-दोन माणसं जास्तीची तयार ठेवा.

मतदार यादीबद्दल अजून एक, कारण हे बऱ्याच जणांना उशिरा कळते. महापालिकेची यादी वेगळी बनत नाही, विधानसभेची यादी प्रभागनिहाय फोडतात. यावेळी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्या तारखेनंतर कोणी कितीही फॉर्म भरले तरी या निवडणुकीत मत नाही. प्रारूप (कच्च्या) यादीवर हरकत घेता येते ती मुख्यतः नाव चुकीच्या प्रभागात गेलं असेल तर. म्हणजे नवीन १८ वर्षांची पोरं, लग्न होऊन आलेल्या सुना, भाड्याने राहायला आलेले लोक, यांचे सहा नंबरचे (मतदार यादीत नाव घालायचे) फॉर्म वर्षभर आधीपासून भरून घ्या. प्रारूप यादी आली की बूथप्रमाणे वाटून घ्या आणि घरोघर टिक करा, कंटाळवाणं आहे पण मला विचाराल तर पूर्ण निवडणुकीतलं सगळ्यात मोलाचं काम हेच.

कागद कोणते ते सांगतो, एकच फाइल करा. घर टॅक्स आणि पाणी बिल भरलेलं पाहिजे, थकबाकी नसल्याचा दाखला झोनमधून घ्या आणि शेवटच्या दिवशी नका जाऊ, तिथे तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. घरी शौचालय असून वापरत असल्याचा दाखला. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर उभं राहता येत नाही, यात पळवाट शोधू नका. तुमचं किंवा जोडीदाराचं अनधिकृत बांधकाम अडचणीत आणते, मनपाचं कंत्राट अंगावर असलं तरी तेच. डिपॉझिट खुल्या गटासाठी ५,००० आणि महिला व राखीव गटांसाठी २,५०० रुपये. मग शपथपत्र, त्यात मालमत्ता, कर्ज, केसेस, शिक्षण सगळं. कोणताही रकाना कोरा सोडू नका, लागू नसेल तर "लागू नाही" किंवा "निरंक" लिहा, आणि एखादी केस असेल तर लपवू नका, विरोधक छाननीला कागद घेऊनच येतात.

राखीव जागेवरून लढायचं असेल तर जात प्रमाणपत्र आणि ते तपासून मिळणारं जात वैधता प्रमाणपत्र, दोन्ही लागतात. वैधता हातात नसेल तर जात पडताळणी समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा जोडून उभं राहता येते, पण निवडून आल्यावर सहा महिन्यात प्रमाणपत्र नाही दिलं तर पद जाते. म्हणून आत्ताच अर्ज टाका, आजोबांच्या शाळेचा दाखला शोधायलाच महिने जातात. लग्न झालेल्या ताईंसाठी खास, जात प्रमाणपत्र माहेरच्या नावाने असते आणि मतदार यादीत सासरचं नाव, तर लग्नाचा दाखला किंवा नाव बदलाचं राजपत्र सोबत लावा. १५१ पैकी ७६ जागा महिलांच्या आहेत, आणि मला मनापासून वाटते की त्या जागेवर उभी राहणारी ताई स्वतः दारात जाऊन बोलली पाहिजे, तिच्या वतीने मिस्टर नाही. बाया तिला पाण्याचं, नळाच्या वेळेचं जे सांगतात ते मिस्टरांना कधीच सांगणार नाहीत.

पक्षाकडून तिकीट मागत असाल तर एबी फॉर्म, म्हणजे तुम्ही पक्षाचे अधिकृत उमेदवार असल्याचं पक्षाचं पत्र, अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत निवडणूक अधिकाऱ्याकडे पोचला पाहिजे, त्यानंतर आला तर काही कामाचा नाही. तिकिटाच्या भरवशावर अर्ज भरायचा थांबवू नका. अपक्ष असाल तर हे लक्षात ठेवा की मतदाराला अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मतं द्यायची असतात आणि लोक बहुतेक एकाच पक्षाचं पॅनल दाबत जातात. तुम्हाला तुमचं चिन्ह तर सांगावंच लागते, वर तुमची जागा कोणती, त्या जागेच्या मतपत्रिकेचा रंग कोणता हे घरोघरी, खास करून म्हाताऱ्या माणसांना, पुठ्ठ्यावर नमुना दाखवून समजवावं लागते.

पैशाचं. नागपूरसाठी खर्चाची मर्यादा १५ लाख आहे, म्हणजे १५ लाख लागतातच असं नाही. वेगळं बँक खातं उघडा, रोजचा खर्च रोज लिहा, पोह्याच्या प्लेटा, ऑटोचं भाडं, पत्रकं, मंडप, सगळ्याची पावती. हे काम हिशोबात पक्क्या एका माणसाला द्या आणि त्याला प्रचारात फिरवू नका.

आणि निकाल लागला की हरलेले लोक हिशोब द्यायचा विसरतात, मन लागत नाही, समजू शकतो. पण ३० दिवसात खर्चाचा हिशोब दिला नाही तर तीन वर्षं अपात्र ठरवू शकतात. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी त्या हिशोबवाल्या माणसाला घरी बोलवा, पावत्या तारखेप्रमाणे लावा, जमा करा आणि शिक्का मारलेली पोच त्याच फाइलमध्ये ठेवा.