ममीच्या पेटीवरचे राखणदार कसे ओळखायचे

आमच्याकडे मालवणात राखणदाराला नारळ ठेवल्याशिवाय बागेत नवीन काम काढत नाहीत, आणि त्याची जागा ठरलेली असते, वडाखाली नाहीतर शिवेवर. इजिप्तच्या ममीच्या पेटीचा फोटो बघताना तेच करा, चित्र कसलं आहे ते नंतर, आधी ते कुठे काढलंय ते बघा.

साधारण ४००० वर्षांपूर्वीची चौकोनी लाकडी पेटी असेल तर एका लांब बाजूवर दोन मोठे डोळे सापडतील, वर भुवई आणि खाली गालावर उतरणारी रेघ, ससाण्याच्या तोंडावर असते तशी. हा ससाण्याच्या तोंडाच्या होरस देवाचा डोळा, त्याचा वैरी देव सेत याने फोडलेला आणि परत बरा झालेला. मयताला आत डाव्या कुशीवर निजवायचे, तोंड बरोब्बर त्या डोळ्यांपाशी आणि ती बाजू पूर्वेला, म्हणजे त्याला आतून उगवता सूर्य दिसावा, आणि खरं सांगतो, हे कळल्यापासून तो डोळा बघितला की मला भरून येतं.

मग पेटीची टोकं बघा. डोक्याकडे नेफ्थिस देवी, पायथ्याला आयसिस देवी, दोघी सख्ख्या बहिणी.

आता बरण्या, ज्यात मयताचे आतले अवयव ठेवायचे, प्रत्येकीला एक राखणदार देव. माणसाचं तोंड म्हणजे इमसेती, यकृत सांभाळतो, बबून माकड म्हणजे हापी, फुप्फुसं, कोल्ह्याचं तोंड दुआमुतेफ, जठर, आणि ससाणा केबेहसेनुएफ, आतडी. पण झाकणावरून घाई करू नका हं, जुन्या बरण्यांवर चारही तोंडं माणसांचीच असायची, आणि १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर या पुरातत्त्व संशोधकाला सापडलेल्या तुतनखामुन राजाच्या कबरीत तर चारही झाकणांवर राजाचाच चेहरा आहे. तिथे त्या बरण्यांच्या सोनेरी देव्हाऱ्याबाहेर चार बाजूंना चार देवी हात पसरून उभ्या आहेत, त्यातली सेल्केत मला सगळ्यात आवडते, मान जराशी वळवलेली आणि डोक्यावर चक्क विंचू. पावसाळ्यात चिऱ्याच्या गडग्यातून विंचू निघतो तेव्हा आपण दचकतो, त्यांनी त्यालाच पहाऱ्याला बसवलं.

शेवटी छाती. हृदय बाहेर काढत नसत, कारण मेल्यानंतर देवांपुढच्या न्यायाच्या वेळी ते सत्याच्या पिसासमोर तराजूत तोलायचं असे. म्हणून तिथे दगडाचा, बऱ्याचदा हिरवट, शेणकिडा ठेवायचे. त्याचा नुसता पाठीकडचा फोटो बघून थांबू नका, पालथा केलेला शोधाच, पोटावर बारीक ओळी कोरलेल्या असतात, त्यात मयत आपल्याच हृदयाला विनवतोय की तिथे माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस.