मंगातील लढतीचा निकाल वर्तवताना या चुका टाळा

२४ सप्टेंबर २०२३ च्या रविवारी, चवथीसाठी (गणेश चतुर्थीसाठी) गोव्यातील फोंड्याच्या मूळ घरी जमलेली आम्ही सहा भावंडे रात्री साडेआठच्या ठोक्याला माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या मंडपीखाली, एका मोबाइलभोवती बसलो होतो, कारण जपानमध्ये सोमवार लागताच, म्हणजे आपल्याकडे त्याच क्षणी, 'जुजुत्सु कायसेन' या मंगाचे, म्हणजे जपानी चित्रकथेचे, २३६ वे प्रकरण अधिकृत ॲपवर येणार होते. त्यात गोजो आणि सुकुना यांच्या लढतीचा निकाल कळणार होता, आणि आम्हां पाच जणांच्या पैजेच्या नेवऱ्या (करंज्या) गोजोवर लागल्या होत्या. प्रकरण संपले तेव्हा गोजोचे दोन तुकडे झाले होते.

आमची पहिली चूक म्हणजे पात्राचे बोलणे आम्ही लेखकाचा निकाल मानले. २३५ व्या प्रकरणाच्या शेवटी लढत पाहणारे पात्र गोजो जिंकल्याचे सांगते. पण त्या पात्राला समोर दिसते तेवढेच ठाऊक असते, आणि साप्ताहिक मंगाचे शेवटचे पान वाचकाला पुढच्या अंकाकडे ओढण्यासाठीच रचलेले असल्यामुळे पुरावा म्हणून ते सर्वांत कच्चे ठरते.

दुसरी चूक अधिक महागात पडली. सुकुनाच्या बाजूने लढणारा, बसलेल्या आघाताशी जुळवून घेणारा महोरागा गोजोने नष्ट केला, तेव्हा आम्ही त्याला हिशेबातून वगळले. सुकुनाने मात्र त्याच्याकडून गोजोभोवतीची अभेद्य संरक्षक सीमा कशी छेदावी हे शिकून घेतले होते. निर्णायक घाव प्रत्यक्ष न दाखवता नंतर शब्दांत समजावला, ही तक्रार मला आजही रास्त वाटते. तरीही अंदाज बांधताना पात्र संपले म्हणजे त्याचे कामही संपले, असे धरू नये.

आकड्यांवर विसंबणे ही जुनी खोड आहे. 'ड्रॅगन बॉल' या मंगात खलनायक फ्रीझाची शक्ती ५,३०,००० सांगितली जाते, परंतु लेखक तोरियामांच्या या कथेत आकडे पुढे फुगत गेले आणि अखेर मागे पडले. 'अ'ने 'ब'ला हरवले आणि 'ब'ने 'क'ला, म्हणून 'अ' श्रेष्ठ, हे गणितही टिकत नाही. 'हंटर × हंटर' या मंगातील कुरापिका या पात्राची एक साखळी केवळ एका विशिष्ट टोळीच्या सदस्यांनाच जखडू शकते, आणि इतर कोणावर ती वापरल्यास त्याचाच जीव जातो. त्यामुळे त्याने त्याच टोळीतल्या बलाढ्य उवोगिनला हरवले म्हणून तो बाकीच्यांना भारी पडेल, असे म्हणताच येत नाही.

पैज लावण्यापूर्वी 'जिंकणे' म्हणजे काय, हेही ठरवून घ्यावे. त्याच मालिकेत म्हातारा योद्धा नेतेरो मुंग्यांचा राजा मेरुएमशी लढताना हरतो, पण त्याच्या शरीरात दडवलेल्या बॉम्बचे विष पुढे मेरुएमचा प्राण घेते. अशा लढतीवर नेवऱ्या लावल्या असत्या तर आमच्याकडे विसर्जनापर्यंत भांडण मिटले नसते.

अंदाज चुकल्यावर मागची प्रकरणे पुन्हा वाचावीत आणि कोणती अट नजरेआड झाली ते शोधावे. त्याहीआधी कथेला कोणाची गरज आहे, हा प्रश्न विचारावा. पेडण्याच्या दशावतारात संकासुर मरणार हे पोरासोरांनाही ठाऊक असते. मंगा वाचताना मात्र आपण ही नजर घरी ठेवून येतो. सुकुनावर एकटीनेच पैज लावणारी माझी धाकटी आत्येबहीण नेवऱ्यांचा डबा पुढे ओढत म्हणाली, "दादा, नायक युजी आहे ना? त्याच्या गोजो मास्तरांनीच सुकुनाला संपवले तर त्याने करायचे काय?"