एम.ए. जनसंवाद: जळगावला जायचे की घरी राहून ऑनलाइन करायचे?

जनसंवाद व पत्रकारितेत एम.ए. करू इच्छिणारी खानदेशातील मुले-मुली मला बहुधा एकच प्रश्न विचारतात: रोज जळगावला ये-जा करावी, पुण्यात खोली घ्यावी, की घरीच राहून ऑनलाइन पदवी मिळवावी? मी अमळनेरची आहे आणि त्यांतील जळगावचा व ऑनलाइनचा असे दोन मार्ग मी चालून पाहिले आहेत. ऑनलाइन मार्गावर माझे एक पूर्ण वर्ष वाया गेले. ते आठवले की अजूनही जीव कासावीस होतो, म्हणून निवडीचे बोलण्याआधी तेच सविस्तर सांगते.

२०२१ मध्ये करोनाची धास्ती सरलेली नव्हती आणि मुलीने रोज प्रवास करू नये असे घरच्यांना वाटत होते. एका प्रवेश केंद्राने मला परराज्यातील विद्यापीठाच्या ऑनलाइन एम.ए.बद्दल सांगितले. विद्यापीठ खरे होते, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) यादीत त्याचे नाव होते आणि ते ऑनलाइन अभ्यासक्रमही चालवत होते. या तिन्ही गोष्टी मी स्वतः तपासल्या आणि निर्धास्त झाले. जे तपासायचे राहिले ते असे की, दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाची मान्यता विद्यापीठाला सरसकट मिळत नसते. ती ठरावीक अभ्यासक्रमाला, ठरावीक पद्धतीसाठी आणि ठरावीक सत्रापासून मिळते. एखाद्या विद्यापीठाचे एम.बी.ए. ऑनलाइन पद्धतीत मान्य असले म्हणून त्याचे एम.ए. जनसंवादही मान्य असेलच असे नाही. तेच एम.ए. दूरस्थ पद्धतीत मान्य असले, तरी ऑनलाइन पद्धतीसाठी ते चालत नाही, कारण नियमांत या दोन वेगळ्या पद्धती आहेत. जुलैच्या सत्रासाठी प्रवेश घेत असाल, तर त्याच सत्राची यादी उघडावी लागते. मागील वर्षाच्या यादीची छापील प्रत कोणी पुढे केली, तर ती बाजूला ठेवावी. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोच्या संकेतस्थळावर ही माहिती सत्रानुसार मिळते. तेथे विद्यापीठाचे नाव सापडले म्हणून थांबू नका; अभ्यासक्रमाचे नाव प्रवेश अर्जावरील नावाशी शब्दशः ताडून पाहा.

माझा अभ्यासक्रम त्या सत्राच्या यादीत नव्हता. पुढे पीएच.डी.च्या पात्रतेची चौकशी करायला गेले असता एका प्राध्यापकांनी ‘कोणती पद्धत आणि कोणते सत्र?’ एवढेच विचारले आणि माझ्यासमोर यादी उघडली. शुल्काची पावती काढून पाहिली, तर तीही विद्यापीठाच्या नावाची नव्हती, केंद्राच्या नावाची होती. शिक्षण केंद्रे अशा रीतीने भाड्याने चालवायला देणे नियमांना मंजूर नाही, हे मला तेव्हा कळले. घरी आल्यावर नाना एवढेच म्हणाले, ‘पैसा गयात ते जाऊ दे, पन साल गयं ना बेटा.’

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, प्रवेश मिळवून देणाऱ्या मध्यस्थाच्या दारात पाऊलही ठेवू नये. अर्ज विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर भरावा आणि शुल्क थेट विद्यापीठाच्या खात्यात जमा करावे. २०२४ पासून दूरस्थ व ऑनलाइन प्रवेशासाठी विद्यार्थ्याने स्वतः डीईबी आयडी, म्हणजे दूरस्थ शिक्षण ब्युरोचा ओळख क्रमांक, काढणे बंधनकारक झाले आहे आणि त्यासाठी अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रेयांकांची ऑनलाइन नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेचे, खाते लागते. हे काम कोणावर सोपवू नका, कारण याच टप्प्यावर यादी स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची संधी मिळते.

हे वाचून ऑनलाइन पदवीचीच भीती बाळगण्याचे मात्र कारण नाही. यूजीसीच्या २०२० च्या नियमावलीनुसार मान्यताप्राप्त ऑनलाइन व दूरस्थ पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने ते पुन्हा जाहीर केले. नेट या सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेसाठी खुल्या प्रवर्गाला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ५० टक्के गुण लागतात; ही अट दोन्ही पद्धतींना सारखीच आहे. शिवाय २०२२ पासून एक नियमित आणि एक ऑनलाइन किंवा दूरस्थ असे दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करता येतात, परंतु नवख्या विद्यार्थ्याने या मोहात पडू नये असे मला वाटते. दोन्हीकडचे स्वाध्याय आणि दोन्हीकडच्या परीक्षा सांभाळताना लिहिण्याचा सराव मागे पडतो.

आता निवडीविषयी. मी स्वतःला विचारायला हवा होता तो प्रश्न असा: सध्या माझे लेखन कोणी तपासते आहे का? तुम्ही आधीच एखाद्या दैनिकात, जनसंपर्क विभागात किंवा आकाशवाणीवर काम करत असाल, वरिष्ठ रोज तुमची बातमी कापत असतील, तर ऑनलाइन पदवी घ्या. इग्नूसारख्या केंद्रीय विद्यापीठातही या विषयाचे एम.ए. आहे. त्यात काहीही कमीपणा नाही. मात्र विज्ञान किंवा वाणिज्य शाखेतून नुकतेच बाहेर पडला असाल आणि एकही बातमी छापून आली नसेल, तर वर्गातच बसा. ध्वनिचित्रफिती पाहून सिद्धान्त समजतो. ‘ही बातमी नाही, निवेदन आहे’ असे सांगून कागद परत करणारा माणूस तेथे भेटेलच याची खात्री नाही.

२०२२ मध्ये मी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात नव्याने पहिल्या वर्षाला बसले. बांभोरीजवळच्या त्या परिसरापर्यंत रोज जाणे थकवणारे होते, पावसाळ्यात तर फारच. तरीही प्रवासात माझ्याच तालुक्यातली सहा जण भेटली आणि आम्ही एकमेकांचे मसुदे गाडीतच तपासत असू. कौतुक करणारे शिक्षक मला आवडत, हे मान्य करते. पण माझे लेखन सुधारले ते लाल शाईने पान भरून टाकणाऱ्या शिक्षकांमुळे.

पत्रकारिता शिकवणाऱ्या पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटचे आकर्षण मला समजते. तेथील खर्च झेपत असेल तर जरूर जा. परंतु केवळ जळगाव लहान म्हणून जाऊ नका. रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला भाव आणि हवामानाची माहिती कोठून मिळते, धडगाव-अक्कलकुव्यात लसीकरणाचा संदेश प्रमाण मराठीत गेला तर भिली किंवा पावरी बोलणाऱ्या आईपर्यंत तो किती पोहोचतो, हे जनसंवादाचेच प्रश्न आहेत आणि त्यांवरचे क्षेत्रकार्य येथे राहूनच नीट होते. ऑनलाइन शिकणाऱ्यांनीही लघुप्रबंधासाठी असाच जवळचा विषय घ्यावा. मार्गदर्शक दूर असले, तरी मुलाखतींसाठी गाव बसच्या अंतरावर असते.